अख्खा तागा

बेळगावपासून निपाणीपर्यंत थंडीच्या दिवसांत जेवढी माणसं सुखानं झोपतात, त्यांतल्या निम्म्यांच्या अंगावर आमच्या आत्तीनं शिवलेली वाकळ असते. उरलेल्या निम्म्यांच्या पांघरुणाला तिनं नावं ठेवलेली असतात. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहायला बेळगावजवळच्या मच्छेत. उंचीनं दाराच्या कडीएवढी, पण आवाजानं थेट खानापूर तालुक्यात पोचलेली. मच्छेत तिनं "अहोऽ, चहा!" अशी हाक दिली की गुंजीच्या स्टेशनात थांबलेली गाडी सुटते, असं मी सगळ्यांना सांगतो. गुंजीच्या एका गृहस्थांनी ते खरं असल्याचं शपथेवर सांगितलं आहे. पण तेही आमचेच पाहुणे.

वाकळ म्हणजे जुनी लुगडी, विरलेली धोतरं एकावर एक घालून मारलेला धावदोरा, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. आत्तीच्या वाकळेत जुनेर फक्त पोटात. वरचं आणि खालचं कापड कोरं करकरीत लागतं, आणि ते मोजून कापून आणलेलं तिला चालत नाही. तागा आणायचा, तोही अख्खा. "मोजलेल्यात ऊब न्हाय रं," ती म्हणते, "दुकानदाराची कात्री लागली की निम्मी ऊब तिथंच सांडती."

हे व्रत तिनं घेतलं ते एका शब्दापायी. पूर्वी तीही चारचौघींसारखी वारावर कापड घ्यायची. एकदा बाजारातल्या तिच्या नेहमीच्या दुकानात पार रायचूरकडून आलेला नवा नोकर उभा होता. मिशा भरघोस, मराठी शून्य. आत्तीनं पिवळ्या डाळिंबांच्या छापावर बोट ठेवलं आणि आपल्या फर्ड्या कानडीत सांगितलं, "नाल्कु वार बेकु." म्हणजे चार वार पाहिजे. आता आपला वार कापड मोजायचा. त्याच्या गावाकडचा वार म्हणजे आठवडा. बाईंना विचार करायला चार आठवडे पाहिजेत असं समजून त्यानं तागा मुकाट्यानं फळीवर ठेवला आणि हात जोडून म्हणाला, "आयतु री. नाल्कु वार बिट्टु बर्री." झालं, चार आठवड्यांनी या!

"चार वार मागितलं तर म्हैनाभर थांब म्हंतोय मुडदा!" आत्ती फळीवर चढली म्हणतात. मी तिथं नव्हतो, पण दर वेळी सांगताना मी तिला एकेक फळी वर चढवतो. तिनं तो तागा खाली ओढला, काखेत मारला आणि बजावलं, "आता मोजूच नगंस. अख्खा दे." तेव्हापासून त्या दुकानातली कात्री आत्ती आली की आपण होऊन ड्रॉवरमध्ये जाते.

पिवळ्या डाळिंबांचा तो तागा काही संपेना. वाकळा झाल्या, उशांचे अभ्रे झाले, पडदे झाले, मिक्सरला झगा झाला, आणि उरलं त्यात आप्पांचे दोन शर्ट. आप्पा म्हणजे आत्तीचे यजमान. ते पडद्याजवळ बसले की हवेत नुसता चष्मा तरंगताना दिसायचा. पोस्टमननं एकदा पेन्शनच्या कागदावर पडद्याचीच सही मागितली.

आप्पांचं आणि तिचं कसं जमलं, हे एक कोडंच आहे. ते जन्मभर कारखान्यात लेथवर. केसाची जाडी मोजणारा माणूस! भाकरीसुद्धा ते आधी डोळ्यांनी मापायचे, मग मोडायचे. आत्ती शिवायला बसली की पट्टी घेऊन शेजारी हजर. "हा टाका दोन सूत, ह्यो तीन सूत. जॉब रिजेक्ट हाय." त्यावर आत्ती सुईवरची नजर न काढता म्हणायची, "अंग झाकायचंय मला. इमान उडवायचं न्हाय." शेवटचा कोपरा शिवण्याआधी, वाकळ उपाशी राहू नये म्हणून आत भाकरीचा तुकडा घालायची आमच्याकडे रीत आहे. आत्ती तो घास घालेपर्यंत घरात कुणाचं ताट वाढलं जात नसे. आप्पा पोटावर हात ठेवून सांगायचे, "ह्या घरात आधी पांघरूण जेवतंय, मग माणूस."

ताग्याचा प्रवासही थाटाचा. सरकारनं बायकांना बस फुकट केल्यापासून तर आत्तीला राज्यच मिळालं. तागा ती खिडकीला बसवते, आपण अलीकडे. थंडी वाजू नये म्हणून त्याच्याभोवती शाल. मच्छेच्या बसचा कंडक्टर तसा समजूतदार, पण एकदा तो अडला.

"आक्का, हेचं लगेज काढावं लागंल."

"लगेज कुणाला म्हंतोस रं? बाईमाणूस हाय. बायकांना फुकट न्हवं?"

"तागा हाय की ओ! तागा बाई कसा?"

"आज तागा हाय. उद्या वाकळ हुणार. ती वाकळ का तो वाकळ, सांग की!"

कंडक्टरनं डोकं खाजवलं. "मग आधार कार्ड दावा तिचं."

"शिवून झाली की काढते. अजून नाकडोळं फुटायचंत तिला."

अख्खी बस हसली. कंडक्टरनं हात टेकले आणि शून्य रुपयाची दोन तिकिटं फाडली. पुढे तो रिवाजच पडला.

मग आप्पांच्या छातीनं दगा दिला. अंगातली थंडी हटेना. एकावर एक तीन वाकळा घातल्या, तरी आतून ते बारीक आवाजात विचारायचे, "खिडकी उघडी हाय काय गं?" बेळगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर धारवाडकडचे, मवाळ. त्यांनी फोटो उजेडावर धरून पाहिले, आत्तीला आणि मला बाहेर घेतलं आणि कानडीत हळूच सांगितलं, "नाल्कु वार. मुंदिंदु देवर कैय्याग." चार आठवडे, पुढचं देवाच्या हातात.

मी भिंतीकडे बघत राहिलो. आत्तीनं पदर खोचला.

"चार वारानं काय हुतंय, डॉक्टर? पाय उघडं पडत्यात. अख्खा तागा द्या."

डॉक्टरांना काही कळेना. ते मला विचारू लागले, बाई काय म्हणतात? आत्तीची कानडी डॉक्टरांइतकीच चांगली आहे. वार म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दवाखान्यातून ती परस्पर बाजारात गेली आणि दुकानातला सगळ्यांत जाड तागा घेऊन आली. निळा, त्यावर पांढरे पोपट. आप्पांच्या खाटेशेजारी तो उभा केला आणि जाहीर केलं, "ह्यो सरंस्तवर कुणी कुठं जायचं न्हाय." आप्पांनी पडल्यापडल्या टेप मागवला. मग रोज सकाळी औषधाच्या आधी तागा मोजायचा, किती सरला, किती उरला. आत्ती मुंगीच्या पावलानं शिवायची. डॉक्टरांचे चार वार गेले. ऊस तुटला, यात्रा झाल्या, आंबे आले. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला आणि पहिला फोटो दुसऱ्याच कुणाचा असावा असं म्हणाले. आत्तीनं त्यांनाही एक वाकळ दिली. पोपटांचीच.

पुढच्या थंडीच्या तोंडावर आप्पा गेले. तागा संपला नव्हता. जन्मभर माप न चुकवलेला माणूस, एकदाच माप अर्धं टाकून उठला. उरलेले पोपट आत्तीनं कुणाकुणाला वाटून टाकले, आणि मग बरेच दिवस मच्छेतून हाक ऐकू आली नाही. गुंजीची गाडी त्या दिवसांत वेळेवर सुटत होती का, मी विचारलं नाही.

परवा म्हणाली, "चल रं, बाजारला जाऊन येऊ." दुकानात मिशाळ गृहस्थ अजून आहेत, मिशा पांढऱ्या, मराठी पक्की. आत्तीला बघताच ते शिडी चढले आणि तागा खांद्यावर घेऊन उतरले. "घ्या आक्का, नवीन माल. अख्खा."

"नगं," आत्ती म्हणाली. "चार वार दे."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग ड्रॉवर उघडून कात्री शोधायला लागले. बराच वेळ ती सापडत नव्हती.

परतीच्या बसमध्ये आत्ती खिडकीला बसली. मांडीवर कागदात बांधलेलं छोटं पुडकं. मी मागच्या बाकावर. कंडक्टर आला, सवयीनं तिच्या शेजारी बघितलं.

"आक्का, आज जोडीदारीण न्हाय?"

"न्हाय रं. एकटीच हाय."

त्यानं एकच तिकीट फाडलं.