इटलीवाले भाऊजी

आमचे थोरले दीर लढाईवरून परतले, पण लढाईबद्दल ते कधी बोलायचेच नाहीत. तोफा-विमानांच्या गोष्टी ऐकायला माणसं ओसरीवर जमायची आणि भाऊजी सांगत बसायचे, इटलीत पोरं कशी जेवतात! माणसं कंटाळून उठून जायची, मग भाऊजींचा संताप व्हायचा. गाव त्यांना ‘इटलीवाले’ म्हणू लागलं, ते काही कौतुकानं नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांकडून लढताना आफ्रिकेच्या वाळवंटात ते पकडले गेले आणि इटलीच्या छावणीत पोचले. तिथून निसटल्यावर एका शेतकऱ्यानं त्यांना गोठ्यात लपवलं. पुढं जर्मनांनी धरलं आणि जर्मनीत शेतावर राबायला नेलं. दोन्हीकडची घरं त्यांनी अशी जवळून पाहिली होती.

“इटलीत पोर रडलं की समदं घर धावतं,” ते म्हणायचे. “बाप रानातनं आला की आधी पोराला उचलतो. एक घास आपल्याला, एक त्याला. लय कालवा! जर्मनीत उलटं. येळंवर जेवायचं, येळंवर निजायचं, ताटावर बोलायचं न्हाई. पर निजताना आई एकेकाच्या उशाशी बसून त्याचं ऐकून घ्यायची. आन् आपल्यात? बाप दारात खाकरला की पोरं परसात पळत्यात.”

आमच्या घरी खाकरणारे होते मामंजी. त्यांच्यासमोर स्वतःचं मूल उचलणं म्हणजे निर्लज्जपणा. माझ्या नवऱ्यानंही आमच्या बाळाला दिवसाउजेडी कधी घेतलं नव्हतं.

भाऊजींची तारा ते फौजेत गेल्यावर जन्मलेली. ते परतले तेव्हा ती चांगली हिंडतीफिरती होती आणि त्यांना पाहून जाऊबाईंच्या पाठीमागं लपायची. एकदा मी पुरुषांना भाकरी वाढत असताना भाऊजींनी तिला हात धरून मांडीवर बसवलं आणि घास पुढं केला. पोर लाकडासारखी ताठ झाली. मामंजींनी ताट सरकवलं.

“फौजेत लाज इकून आलास व्हय रं?”

“माझीच पोरगी हाय, आबा.”

“तुझी हाय म्हणूनच! भावाचं पोर घे, कोण न्हाई म्हणतंय?”

भाऊजींनी ताराला खाली उतरवलं. ती आत पळाली. ते अर्ध्या ताटावरून उठले आणि परसात जाऊन जाऊबाईंवरच ओरडले, “गोळ्यांपुढं उभा ऱ्हायलो, आन् बापापुढं तोंड उघडंना माझं!”

त्यानंतर ते ताराच्या उशाशी बसून दिवसभराचं विचारू लागले. ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. शेवटी सांगलीत एका तेलाच्या गिरणीवर पहाऱ्याची नोकरी धरून ते बायको-मुलीला घेऊन निघाले. लोणंदला गाडीवर पोचवायला आम्ही गेलो. मामंजी आले नाहीत.

पुढं काही वर्षांनी मी सांगलीला त्यांच्याकडं उतरले होते. दोनच खोल्या, पण आता खाकरणारं कुणी नव्हतं. भाऊजी जेवायला बसले. तारा वाढत होती.

“तारे, ये, बस हितं,” त्यांनी मांडीवर थाप मारली.

“मी आता मोठी झालीया, अण्णा,” ती लाजून म्हणाली.

त्यांचा हात मांडीवर तसाच राहिला.

“इटलीतल्या त्या शेतकऱ्याचं पोर रोज माझ्याच मांडीवर झोपायचं,” ते ताटाकडं बघत म्हणाले.

ताराला ते कळलं नाही. तिनं विचारलं, “आमटी वाढू का?”

“वाढ,” ते म्हणाले.