निळ्या लॉजचे पाहुणे

किस्से घरात वाणाच्या ब्लाउजपिसांसारखे साठतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर कोसळतात! माझ्याकडचे बरेचसे आमच्या मंगळवारच्या भजनी मंडळातले आहेत आणि त्यातले निम्मे पाहुण्यांचे.

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या फॅक्टरीत सगळ्यांनाच ओव्हरटाइम, क्वार्टर दोन खोल्यांची. पाहुणे लॉजवरच उतरवावे लागायचे. एका शेटजींचे तीन लॉज होते: स्टेशनजवळ, सदर बाजारात आणि नर्मदेकाठी ग्वारीघाटला. तिन्हींचा रंग निळा, तिन्हीकडे तीच पातळ डाळ. फरक फक्त जागेचा.

मंडळाच्या प्रमुख नलूताई. त्यांचा नियम ठरलेला. "मानाचे पाहुणे ग्वारीघाटला, हौशी सदरला, आणि लवकर जावेत असे स्टेशनला!"

*

या नियमाने त्यांनी स्वतःच्या नणंदेला स्टेशनच्या निळ्यात उतरवलं. दोन दिवसांसाठी आलेली बाई पंधरवडा झाला तरी हलेना. शेवटी नलूताईंनी गोड आवाजात विचारलं, "वन्सं, तिकीट काढायचं का?"

"घाई काय वहिनी? इथून गाडी केव्हाही मिळते!"

*

आमचे मामंजी कडक सोवळ्याचे. ते एकादशीला आले आणि माझ्या हातून सदरचा निळा ठरला. मागेच कबाबवाला! माझा जीव खालीवर. संध्याकाळी फराळाचा डबा घेऊन गेले, तर खिडकी सताड उघडी.

मॅनेजर म्हणाला, "दीदी, मैंने दो बार कहा, बंद कर दूँ? बाबूजी बोले, रहने दो, हवा अच्छी है।"

मी डबा ठेवला आणि विठ्ठलाचं नाव घेतलं. दुसरं काय करणार!

*

आता शोभाचं. शेजारच्या विमलवहिनींची मुलगी, माझ्या कडेवर वाढलेली. सायकलवरून शाळेत शिकवायला जायची. तिचं लग्न जमेना, आणि विमलवहिनींचा जीव त्यातच अडकलेला.

आम्हा क्वार्टरवाल्यांना घड्याळ ठाऊक नाही. दूध, कुकर, भजन, सगळं फॅक्टरीच्या भोंग्यावर. पहिलं स्थळ नागपूरचं, स्टेशनच्या निळ्यात उतरलेलं. वहिनींनी निरोप धाडला, "भोंगा झाला की या." दुपारचा, हे आम्हाला न सांगता ठाऊक!

मंडळी सकाळी आठलाच दारात! शोभाच्या केसांत तेल, वहिनींच्या हातात केरसुणी.

"अहो, भोंगा झाला म्हणून आलो," मुलाचे काका म्हणाले. "पहाटेपासून होऊनच राहिला!"

इंजिनाची शिट्टी आणि भोंगा यांतला फरक नागपूरकरांना कोण सांगणार? नकार आला. त्या दिवशी मी शोभाचं जमेपर्यंत मीठ सोडलं.

नलूताई म्हणाल्या, "काहून गं? मीठ सोडल्यानं स्थळं येतात का?"

"येतात," मी म्हटलं. "वेळ लागतो."

*

दुसरं स्थळ सदरला उतरलं. हौशी मंडळी, बाजार बघण्यातच रमली. आली तेव्हा ब्लॅकआउट सुरू! खिडक्यांना काळे कागद, कंदिलाची वात मुंगीएवढी. शोभा आली, पोहे दिले, गेली.

आठवड्याने कळवलं, "मुलगी दिसली नाही. पोहे चांगले होते."

विमलवहिनी तीन मंगळवार भजनाला आल्या नाहीत. मी अळणी भाजी खात राहिले.

*

तिसऱ्या वेळी नलूताईंनी हुकूमच काढला, "ग्वारीघाट!" मुलगा आणि त्याची आई. शांत जागा, नर्मदेचं दर्शन, सगळं शुभ. वहिनींनी सवयीनं निरोप दिला, "भोंगा झाला की या."

दुपारचा भोंगा झाला. कोणी येईना. नलूताई आणि मी मदतीला होतो; केलेले पोहे निवले. वहिनींनी डोळ्याला पदर लावला, "परत गेले असतील हो." शोभाचे बाबा फॅक्टरीत. पुरुष म्हणून घरात कोणी नाही, धाडायचं कोणाला?

तेवढ्यात अंगणात सायकलची घंटी वाजली. बघतो तर शोभा फाटकाबाहेर!

पुढचं मुलाच्या आईनंच आम्हाला सांगितलं. मायलेक कपडे करून लॉजच्या ओसरीवर बसलेले, कान टवकारून. समोर सायकलवरून एक मुलगी उतरली.

"चला मावशी, पोहे निवून राहिले."

"अगं, पण भोंगा कुठे झाला?"

"तो इथवर ऐकू येत नाही."

ते टांग्यात बसले, ही बाजूनं सायकलवर. वाटेत बाईंनी हळूच विचारलं, "तू शेजारचीच ना? मुलगी कशी आहे गं?"

"सायकल बरी चालवते," शोभा म्हणाली आणि टांग्याच्या पुढे निघून गेली.

घरी आल्यावर विमलवहिनी घाईनं म्हणाल्या, "बसा हं, मुलीला आणते."

मुलाची आई हसली. "कशाला? तिनंच तर आम्हाला आणलं!" आणि शोभाचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं.

नलूताई उठल्या, आत गेल्या आणि पोह्यांची बशी माझ्या हातात दिली.

"घे," त्या म्हणाल्या. "मीठ आहे यात."