‘क्लिअर’ दाबू न देणारी बाई

अमरावतीच्या राजापेठेत झेरॉक्सवाला आणि चप्पलवाला यांच्या मधोमध दहा बाय बाराचं एक शटर आहे. पाटी ‘सर्व्हर व स्टोरेज दुरुस्ती’ अशी. ती वाचून आत शिरणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, "सर कुठं गेले?" गीतांजली काळमेघ मान वर न करता म्हणते, "सर मीच हो. बोला."

अकोल्याला डिप्लोमा केल्यावर तिनं एका कॉम्प्युटर डीलरकडे आठ वर्षं काढली. बाहेरगावचं काम आलं की पोरं जायची आणि ही काउंटरवर पावत्या फाडायची. एका दुपारी पावतीबुक मालकापुढे ठेवलं आणि चालती झाली. त्यानंतर तिनं कोणाची नोकरी केली नाही आणि कोणाचं ऐकलंही नाही, असं तिचा नवरा म्हणतो. तो शाळामास्तर आहे. न ऐकणाऱ्यांची त्याला पारख आहे.

तिचं खरं दुकान भिंतीवरच्या फळ्यांवर असतं. बंद पडलेल्या कंपन्यांची, भंगारातून वेचून आणलेली जुनी कंट्रोलर कार्डं तिथे ओळीनं लावलेली आहेत. हे कार्ड म्हणजे सर्व्हरमधला मुकादम. फाइलचे तुकडे करून कुठला कोणत्या डिस्कवर ठेवायचा, हे तोच ठरवतो. तो बिथरला की डिस्क धडधाकट असूनही त्यांच्यातलं काही हाती लागत नाही. अशा वेळी लोक म्हणतात, सगळं गेलं. गीतांजलीला या दोन शब्दांचा भयंकर राग आहे. "मेलं की नाई ते मी सांगीन," ती म्हणते, "तोवर रडू नका."

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नांदगाव पेठेतून किशोरभाऊंचा फोन आला. त्यांचा कापड रंगवायचा कारखाना. "ताई, सर्व्हर बोंबलून राहिला. लवकर या."

ती मोपेडवरून पोचली तेव्हा सर्व्हरच्या खोलीत कर्णकर्कश शिटी वाजत होती. किशोरभाऊ कीबोर्डपुढे बसले होते. टेबलावरच्या फोनमधून पुण्याच्या सर्व्हर कंपनीचा शुभंकर गोड आवाजात समजावत होता. "सर, कार्ड तुमच्या डिस्क ओळखत नाहीये. ‘क्लिअर’ दाबा, नवीन मांडणी करा. दहा मिनिटांत मशीन चालू होईल."

"आणि आतला माल?" गीतांजलीनं दारातूनच विचारलं.

"डेटाची खात्री देता येणार नाही, मॅडम. जुनं मॉडेल आहे."

माल म्हणजे बारा वर्षांच्या रंगांच्या कृती. कोणत्या सुताला कोणता रंग किती टक्के, किती उष्णतेला, किती मिनिटं, हे सगळं रंगमास्तर भगवंतरावांनी एकेक करून त्यात भरलं होतं. भगवंतराव गेल्या चैत्रात वारले. त्यांच्या डोक्यातलं जे काही मागं उरलं होतं, ते या पाच डिस्कांत होतं. ते पुसलं गेलं तर जुन्या गिऱ्हाइकाचा मोरपंखी पुन्हा जुळवून द्यायला कारखान्यात कोणी नव्हतं. याची दुसरी प्रतही नव्हती.

"गिऱ्हाईक दुपारी येऊन राहिलं," किशोरभाऊ म्हणाले. "मले मशीन चालू पाहिजे." आणि त्यांचं बोट पुढे सरकलं.

गीतांजलीनं मागे हात घालून वायरच उपटली. शिटी थांबली.

"ओ ताई! मशीन माही हाय!"

"मशीन तुमची. भगवंतरावांची मेहनत कोनाची?" तिनं वायर गुंडाळून पर्समध्ये टाकली. "अजून त्याच्यावर कोनी काई लिहिलं नाई, म्हणून सगळं जागेवर हाय. तुमी बटन दाबलं की मंग देवालेई बोलावून उपेग नाई. संध्याकाळलोक मी हितून हालत नाई."

"मॅडम, ही कंपनीची पद्धत नाही," फोन म्हणाला.

"तुमची कंपनी नवी पेटी विकते. तुमाले घाई असनारच." तिनं फोन बंद केला. किशोरभाऊंच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. गिऱ्हाइकाला उद्याची वेळ द्यायला ते पाय आपटत बाहेर गेले.

तिनं पहिली डिस्क ओढून काढली. तिच्या पुढच्या पट्टीवर हळदकुंकवाचं बोट होतं. दुसरीवर, तिसरीवर, पाचही डिस्कांवर. दाराशी ऑफिसचे शिपाई नत्थुजी उभे होते. बावीस वर्षांची नोकरी, आणि चेहरा असा, जणू कोणी मेलंय.

ती काही विचारणार त्याआधी तेच बोलले. "बाई, मी काढल्या. खंडेनवमीले रंगाच्या हौदांची पूजा झाली, बॉयलरची झाली, काट्याची झाली. म्हटलं, सगळा कारखाना ज्याच्यावर चालते त्यालेच काहून सोडाव? मशीन बंदच होती. काढल्या, पुसल्या, पाटावर मांडल्या, पुन्हा लावल्या. कोनी पाह्यलं नाई."

"जशाच्या तशा लावल्या?"

"हो ना, बाई. जशाच्या तशा."

नव्या कार्डांना डिस्कांची अदलाबदल समजते. हे कार्ड जुन्या वळणाचं, जागा बदलली की ओळख विसरणारं. पाच डिस्क एकशेवीस तऱ्हांनी लावता येतात, आणि प्रत्येक चुकीच्या तऱ्हेत आतला माल पुसला जायचा धोका होता. म्हणून आधी तिनं आपल्या यंत्रावर पाचही डिस्कांची दुसऱ्या पाच डिस्कांवर हुबेहूब नक्कल करायला घेतली. त्यात दुपार गेली. मग तिनं आणखी पाच रिकाम्या डिस्क सर्व्हरच्या खणांत बसवल्या आणि नत्थुजींपुढे पाट ठेवला.

"तोंडानं सांगू नका. पुन्हा पूजा करा."

नत्थुजींनी चपला काढल्या. वरून एकेक डिस्क काढून पाटावर ठेवली, बोट लावलं, हात जोडले. मग पाट आवरायचा म्हणून पहिलीपासून सुरुवात करून एकीवर एक रचल्या. आणि ती चवड उचलून, वरची पहिल्या खणात, अशा भराभर बसवल्या. शेवटची पहिली झाली होती. गीतांजली मोठ्यानं हसली. म्हाताराही घाबरत हसला.

उलटा क्रम सुलटा करून तिनं नकला बसवल्या, पर्समधली वायर काढून जोडली. शिटी वाजली नाही. थोड्या वेळानं पडद्यावर भगवंतरावांचे रंग ओळीनं उतरले, मोरपंखीसकट. तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं लपवले नाहीत.

किशोरभाऊंनी चार-पाच कृती उघडून पाहिल्या, खुर्चीत बसले, आणि जीव भांड्यात पडल्यावर पुन्हा मालक झाले. बाजूला काढलेल्या डिस्कांवरचं कुंकू त्यांना दिसलं. "डिस्कले हात कोनी लावला होता?"

"मी, भाऊ," नत्थुजी पुढे आले.

"उद्यापासून येऊ नका."

"थांबा," गीतांजली म्हणाली. "त्यायनं चूक केली, आणि मी विचारायच्या आधी सांगितली. लपवली असती तर मी अजून एकशेवीस तऱ्हा मोजत बसली असती. आज यायले काढलं, तर उद्या हितं जे बिघडन ते तुमाले कोनीच सांगनार नाई. मंग सर्व्हर कितीही भारी घ्या."

किशोरभाऊंनी कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली. बावीस वर्षं रोज सकाळी त्यांचं टेबल पुसणारा माणूस समोर उभा होता.

"बसा, नत्थुजी," अखेर ते म्हणाले. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा नत्थुजी त्या ऑफिसात खुर्चीवर बसले.