बांगडी वाजली की भांडं बदलायचं

आज सकाळी मी ह्यांची शेवटची दारू नालीत ओतून दिली. सगळी.

घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे माझं. ह्यांना जाऊन आज तिसरा दिवस.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. कुंभारी गावाजवळ आमची नारळाच्या माडीची भट्टी आहे. लायसनवाली. झाडावरून माडी उतरवायची, आंबवायची, तापवून दारू गाळायची. हे टॉवेल भरलेली गाडी घेऊन गोव्याला विकायला जायचे, तिथून हे वेड घेऊन आले.

आम्ही लिंगायत, घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग. दारूचं नाव निघालं तरी सासूबाई चूळ भरायच्या.

मी आजवर थेंब चाखलेला नाही.

पण गेली चार वर्षं त्या भट्टीचं नाक मी होते.

लोक पहिल्या धारेची मागतात. हे म्हणायचे, "पैली धार ईख असतंय, फेकायची. कुटं थांबायचं ते वासावर कळतंय. चुकलं तर मानसं आंधळी हुतील."

मीटर होता. पण मीटरला कडकपणा कळतो, वास नाही.

मग साथीचा तो मोठा ताप आला आणि ह्यांचा वास गेला. कायमचा.

"कुनाला सांगू नगं. धंदा बसंल."

"मग आता कसं वो?"

"तू ये की. तुला शेजारनीचं दूध नासलेलं बी कळतंय."

मी भट्टीच्या मागच्या खिडकीशी उभी राहायचे. हातात धुण्याची बादली, लोकांना दाखवायला. घाण वास संपला की बांगड्या वाजवायच्या, म्हणजे फेकायची धार संपली, आता चांगलीला दुसरं भांडं. आत हे ऐटीत नाक वर करून, "हां, बदल भांडं!"

भट्टीवरचा मल्लप्पा ह्यांच्या नाकाचं गावभर कौतुक करायचा. मी बाहेर तोंडाला पदर लावून हसायचे.

एकदा जेवताना हे म्हणाले, "वास गेला की कशात राम न्हाय गं. तुझी आमटी आन गरम पानी, मला सारकंच."

मी म्हटलं, "नाटकं पुरे."

परवा अटॅक आला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

माडी पिंपात तयार होती. ती कुणासाठी थांबत नाही, दोन दिवसांत आंबटढाण होते. आणि माडी वाया गेलेली ह्यांना खपायची नाही. "माडावर चढनाऱ्याचा जीव टांगनीला असतोय गं," म्हणायचे.

म्हणून आज पहाटे मीच भट्टीवर गेले. पहिल्यांदाच दारातून आत.

मल्लप्पानं भट्टी लावली. धार सुरू झाली.

मला वासच येईना.

रडून रडून नाक चोंदलेलं. वाफ घेतली, निलगिरी लावली, अगदी धारेपाशी तोंड नेलं. काही नाही.

सवयीनं हात हलवला. वाजलं काहीच नाही. बांगड्या परवाच जाऊबाईंनी उतरवून घेतल्या होत्या.

"अक्का, मालकाचा अंदाज कसा हुता? आता बदलू का भांडं?"

तेव्हा मी मल्लप्पाला चार वर्षांचं सगळं सांगून टाकलं.

त्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाला, "मग आता कुनाला इचारायचं, अक्का?"

ओतून दिली. अंदाजानं भरून कुणाचे डोळे गेले असते तर?

मल्लप्पा अजून दारात उभा आहे. उद्या माडी उतरवू का नको, विचारतोय. मला सांगता येत नाही.

अहो,
तुमचा शर्ट घेऊन बसलेय. कॉलरचा भट्टीचा वास कितीही धुतला तरी जायचा नाही. त्यावरून किती बोलले मी तुम्हाला.

आज तोसुद्धा येत नाही.

चार वर्षं तुम्हाला असंच होत होतं का वो?

आणि मी नाटकं म्हणाले.

माफ करा मला. जावा आता सावकाश.
हा शेवटचा शरणु शरणार्थी.