भाच्याचे काळे लंगोट

माळव्यातल्या धारला त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी शेजारणींच्या चर्चेचा विषय झाली होती. माझ्या तान्ह्या भाच्याचे लंगोट तिथे वाळत, आणि प्रत्येकावर शाई सांडल्यासारखे काळपट डाग असत. शेजारची माळवी काकी कुंपणावरून विचारी, "बाईजी, छोरा के काजल पिलाओ हो कंई?"

आईला हसू येत नसे. वहिनी देवासची, आईच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी सून करून आणली की घरचंच माणूस घरात आलं, असं आमच्याकडे मानत. लग्नानंतरही ती आईला आत्याच म्हणे. पण बाळंतपण माहेरी झालेलं. तेव्हा दोष देवासचा. त्यातही भावाचा नव्हे, भावजयीचा.

"तिनंच लाडवांत काहीबाही घातलं असणार. आता तिनंच निस्तरावं. पोर बरं झालं की या परत."

"आत्या, मी दोनदा सोडा घालून धुते हो."

"मग तीनदा घाल."

दादा वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसे. मामा रविवारी न्यायला येणार असं ठरलं. परत कधी आणणार, हे कुणीच बोलेना. वहिनी ट्रंक भरू लागली.

मी इंदूरच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते. बोलताना इंग्रजी शब्द आला की सगळे हसत, म्हणून घरात गप्पच असे. वहिनीपाशी मोरीवर बसायला मात्र आवडे. तिथे माझ्या लक्षात आलं, की बाळानं नुकताच ओला केलेला लंगोट चारचौघांसारखाच दिसतो; सोड्याचं पाणी पडलं की तो काळा होतो.

शनिवारी मी आईला हात धरून मोरीवर नेलं. सांगायला शब्द सुचेनात. ओल्या लंगोटाच्या एका टोकावर साधं पाणी ओतलं, दुसऱ्यावर सोड्याचं. दुसरं टोक आमच्या देखत काळवंडलं.

"अगं बाई! म्हणजे ही बिचारी धुऊन धुऊन…" आई म्हणाली.

रविवारी मामा आले, तेव्हा देवासऐवजी आम्ही सगळे इंदूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाळाची लघवी तपासली. हा जन्माचाच दोष, फार क्वचित आढळणारा; अशी लघवी सोड्यानं काळी पडते. आत्ता त्रास नाही, उतारवयात पाठ आणि सांधे धरतील, म्हणाले. मग विचारलं, "आईवडील नात्यातले का?"

"मामेबहीण-आतेभाऊ," आई म्हणाली.

"दोघांकडून आला तरच हा दोष असा दिसतो. खाण्यापिण्यानं होत नाही."

आईनं मामांकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "म्हणजे माझ्याच माहेरचं," ती हळूच म्हणाली, आणि बाळाला आपल्या मांडीवर घेतलं.

मामा एकटेच देवासला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीवर आई बसली होती, सोड्याचा डबा फळीवर तसाच. लंगोट अजून थोडे डागाळलेलेच होते. काकीनं कुंपणावरून नेहमीचा प्रश्न टाकला.

"नहीं काकी," आई लंगोट झटकत म्हणाली, "ये मेरे मैके से आया है." आणि डागाची बाजू कुंपणाकडे करून तिनं तो दोरीवर टाकला.