हातातला गुडघा

हे मी घरातही कधी बोललो नाही. कृत्रिम गुडघे विकणं हे माझं काम. काल सोसायटीच्या भजनाला सगळे सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि शेजारच्या मावशी तेवढ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात टाळ घेऊन.

ऑपरेशनआधी त्यांनी मला एकच विचारलं होतं, "खाली बसता येईल ना रे?" मी नमुन्याचा गुडघा हातात धरून पूर्ण दुमडून दाखवला. धातूवरून प्लास्टिक अलगद सरकलं. हातातला गुडघा वाकतोच. त्याला आखडलेले स्नायू नसतात. आधी जो पाय वाकत नाही, तो नंतरही फारसा वाकत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी "येईल की" म्हणालो.

"खाली ये की गं," कुणीतरी म्हणालं.

"मीच व्यायामाचा आळस केला," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. "यानं गुडघा चांगलाच दिला होता."

मी मान खाली घालून टाळ्या वाजवत राहिलो. व्यायाम त्या रोज करायच्या. भिंतीपलीकडून त्यांचं कण्हणं मला ऐकू यायचं.

आळस तुमचा नव्हता मावशी, मी खोटं बोललो होतो. एवढं त्यांच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.