निरोपाची रोटी

किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या त्या गल्लीतून परगावी निघायचं म्हणजे आधी मोहिराआपाच्या तंदूरची रोटी. निघणाऱ्याने तिला एक चावा घ्यायचा, उरलेली घरच्यांनी भिंतीला टांगायची, आणि तो परतला की त्यानेच ती संपवायची. चावा न घेता निघालेला माणूस परत येत नाही, असं सगळे मानत.

शुक्रवारी सांस्कृतिक भवनात एक सिनेमा दाखवला. बिश्केकच्या एका मुलीने पदरमोड करून काढलेला, पोरी विकण्याबद्दलचा. ना गाणी, ना मारामारी. बायका मुसमुसत होत्या, पण पहिल्या रांगेत सगळ्यांत मोठा गळा काढला तो सोदातने. मोहिराच्या लेकीला, निगोराला, याच बयेने ‘हॉटेलातलं काम’ म्हणून दुबईला नेलं होतं. पोर तीन वर्षांनी परतली तेव्हा मोहिराने गल्लीत सांगितलं, तिकडची हवा मानवली नाही. अब्रूपायी तोंड शिवून ती या बाईला सहा वर्षं सलाम करत आली. तिला सोदातची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

दुसऱ्या दिवशी सोदात शेजारच्या झुलयखोला घेऊन तंदूरवर हजर.

“आपा, उद्याला एक रोटी हं, तीळ लावून,” झुलयखो म्हणाली. “आमची दिल्नोझा इस्तंबूलला चाललीय. शिवणाचा कारखाना आहे. सोदातताईंनीच जमवलंय सगळं.”

“काय सिनेमा होता गं काल!” सोदात म्हणाली. “अशा मेल्यांना भर बाजारात जोड्याने हाणलं पाहिजे.”

मोहिराने हातातला गोळा परातीत आपटला. “नाही भाजणार.”

“अगं आपा, चावा घेतल्याशिवाय पोरीला उंबरा कसा ओलांडू देऊ?”

“नकोच देऊस.”

“म्हातारीच्या डोक्यात सिनेमा शिरलाय,” सोदात हसली. “चल, गावात काय एकच तंदूर आहे?”

झुलयखो वळली. मोहिरा तिला थांबवायला दोन पावलं पुढे आली आणि थबकली. गुपित तिचं एकटीचं थोडंच होतं!

तेवढ्यात निगोरा दारात आली. दिवसाउजेडी ती सहसा बाहेर पडत नसे.

“मावशी, मलाही हिनेच नेलं होतं. हॉटेलबिटेल काही नव्हतं. हिने मला विकलं.”

“पोरीचं डोकं फिरलंय,” सोदात म्हणाली आणि पर्स काखेत दाबून चालू लागली.

झुलयखोने पर्सचा पट्टा धरला. “यातला माझ्या पोरीचा पासपोर्ट बाहेर काढ आधी.”